बाळाला जुलाब लागले तरी अंगावरचं तोडू नका

कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात मी २७ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. पावसाळ्यात ओढ्याला गढूळ पाणी आलं की पंधरा दिवसांच्या आत दारात एक ठरलेलं चित्र दिसायचं. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सासूबाईंच्या हातात, आणि मागं पदर सावरत उभी असलेली बाळंतीण. बाळाला दोन दिवसांपासून जुलाब होत असायचे. मी बाळाच्या पोटाला हात लावता लावता विचारायची, "अंगावर पितंय ना?" उत्तर सासूबाई द्यायच्या. "कालपासनं तोडलंय सिस्टर. दूधच बाधलंय म्हणत्यात."

नेमकी इथंच बहुतेक घरांची चूक होते, आणि ती मायेपोटी होते. पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे क्रमानं लिहिते आहे. बाळंतपणाच्या आधीच सगळ्यांनी मिळून वाचलं तर जास्त उपयोग होईल, कारण ऐन वेळी रात्री दोन वाजता बाळंतिणीचा शब्द घरात चालत नाही.

आधी दूध काय करतं ते समजून घ्या

अंगावर पिणाऱ्या बाळाला जुलाब होतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. रोटाव्हायरस नावाचा विषाणू पाच वर्षांचं होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. फरक पडतो तो आजार किती जोर धरतो यात. बेलारूस देशात १७ हजारांवर आई-बाळांचा अभ्यास झाला आणि २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या दवाखान्यांत आयांना स्तनपानासाठी नीट मदत मिळाली, तिथल्या ९.१ टक्के बाळांना पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झाला. जिथं नेहमीसारखंच चाललं होतं, तिथं १३.२ टक्के बाळांना. पुढं २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं जगभरचे अभ्यास एकत्र मांडले. त्यात जुलाबामुळं दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण स्तनपानामुळं ७२ टक्क्यांनी कमी होतं, असं दिसलं. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. घरी चार दिवसांत बरं होणारं बाळ आणि सलाईन लावून पडलेलं बाळ यांच्यातलं अंतर त्यात आहे.

हे घडतं कसं? तुम्ही ज्या विहिरीचं, ज्या नळाचं पाणी पिता, ज्या अंगणात बसता, ज्या गोठ्यात वावरता, तिथले जंतू तुमच्याही पोटात जातात. तुमच्या आतड्यातल्या पेशी त्यांना ओळखतात, तिथून स्तनापर्यंत पोचतात, आणि नेमक्या त्याच जंतूंना अडवणारी प्रतिपिंडं दुधात उतरतात. ती बाळाच्या आतड्याला आतून लेप लावल्यासारखी बसतात. म्हणजे आईचं दूध त्या त्या गावचं असतं. तासगावच्या आईचं दूध तासगावच्या जंतूंसाठी तयार झालेलं असतं, जतच्या आईचं जतच्या. डब्यातल्या पावडरीला तुमचं गाव माहीत नसतं.

दुधात आणखी बरंच असतं. काही साखरा अशा असतात की ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य होतात, आणि काही वाईट जंतू आतड्याला चिकटायच्या ऐवजी त्यांनाच चिकटून बाहेर पडतात. लॅक्टॅडहेरिन नावाचं एक प्रथिन असतं. १९९८ साली मेक्सिकोतल्या बाळांवरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या आयांच्या दुधात ते जास्त होतं, त्या बाळांना रोटाव्हायरसची लागण झाली तरी जुलाबाचा त्रास कमी झाला.

पहिला तास आणि चीक

बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीशी घ्या. सिझर झालं असलं तरी जमतं. बाळ धरायला कुणीतरी शेजारी लागतं, एवढंच. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट पिवळसर चीक चमचा-दोन चमचेच असतो आणि नव्या बाळाचं पोटही तेवढंच असतं. "अजून दूध उतरलं नाही, तोवर साखरपाणी द्या" हे ऐकू नका. चिकात प्रतिपिंडं सगळ्यात जास्त असतात. आपल्याकडं गाय व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय कुणी खरवसासाठी भांडं पुढं करत नाही. वासराच्या बाबतीत आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं, आपल्याच बाळाच्या बाबतीत मात्र आपण चीक पिळून टाकायला निघतो.

मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सहा महिने फक्त अंगावरचं, आणि सहाणेची गोष्ट

पहिले सहा महिने पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळं आटपाडीच्या एप्रिलमधल्या उन्हातही बाळाची तहान त्यावर भागते. घसा सुकेल म्हणून दिलेलं चमचाभर पाणी हीच बऱ्याचदा जुलाबाची सुरुवात असते.

सगळ्यात अवघड असतं ते बाळगुटीचं. मी एकदा एका घरात गुटी उगाळायची सहाण मागून घेतली आणि उजेडात धरली. मधल्या खोलगट भागात वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांचा जुना तपकिरी थर बसला होता. नखानं खरवडला तर निघाला. आजी रोज ती पदरानं पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवायच्या, धुवायच्या आठवड्यातून एकदा. उगाळायला पाणी माठातलं. आजींच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांनी सहा मुलं त्याच सहाणेवर वाढवली होती. मी त्यांना वेखंड चांगलं की वाईट यावर काही बोलले नाही, तो थर दाखवला आणि विचारलं, "आजी, हे तुम्ही चाटाल का?" त्या गप्प बसल्या. सहा महिने सहाण फडताळात राहिली. हट्टाला हट्ट लावण्यापेक्षा असं काहीतरी डोळ्यांसमोर धरलेलं बरं, असा माझा अनुभव आहे.

दूध पुरतं का, ही शंका प्रत्येकीला येते. चोवीस तासांत बाळानं सहा किंवा जास्त वेळा शू केली आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. बाळ रडतं म्हणजे उपाशीच असतं, असं नाही. पाजताना नुसतं बोंड नाही, त्याभोवतीचा काळसर भागही बराचसा बाळाच्या तोंडात जायला हवा. दुखत असेल तर पकड चुकलीय, बाळाला सोडवून पुन्हा लावा.

जुलाब आहेत की नेहमीची शी?

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, फाटलेल्या दुधासारखी कणीदार असते. दिवसातून सात-आठ वेळा होऊ शकते, प्रत्येक वेळी पाजल्यावर होऊ शकते. महिना-दीड महिन्यानंतर काही बाळं तीन-चार दिवस करतच नाहीत. बाळ हसतं-खेळतं असेल, पीत असेल, शू नीट होत असेल तर यातलं काहीच आजार नाही. अशा धडधाकट बाळांना "हगवण लागली" म्हणून औषधं पाजलेली मी खूप पाहिली.

जुलाब म्हणजे रोजच्यापेक्षा वेगळं काहीतरी. एकदम पाण्यासारखी शी, दुपट्यावर कणी न राहता पाणीच पसरणं, वास बदलणं, वेळा अचानक वाढणं. शीत रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

"दात येतायत म्हणून जुलाब" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. दातांनी असे जुलाब होत नाहीत. त्याच वयात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं, बाहेरचं खाणं सुरू होतं आणि पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिपिंडंही ओसरत आलेली असतात. दातांवर ढकललं की दोन दिवस वाया जातात, आणि बाळाच्या बाबतीत दोन दिवस फार असतात.

जुलाब सुरू झाल्यावर काय करायचं

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर घरी काही करत बसू नका. पाजत पाजत थेट डॉक्टरांकडे जा.

त्याहून मोठं असेल तर पहिलं काम म्हणजे छातीशी घेणं. नेहमीपेक्षा जास्त वेळा, जास्त वेळ, रात्रीसुद्धा. "प्यायलं की लगेच करतं" हे खरं असतं, पण प्यायल्यानं आतडं हलतं म्हणून ते होतं. प्यायलेलं सगळं वाहून जात नाही, बरंचसं अंगी लागतं. एक-दोन दिवस तोडलं तर बाळाचं पाणी घटतं, ताकद घटते, आतडं भरून यायला लागणारं बळ मिळत नाही, आणि आईचा पान्हाही आटायला लागतो. ज्या दुधानं आजार हलका व्हायचा, तेच आपण ऐन वेळी काढून घेतो. सहा महिन्यांच्या आत जी बाळं अंगावर अजिबात पीत नाहीत, त्यांचा जुलाबानं दगावण्याचा धोका फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांच्या सुमारे दहापट असल्याचं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून दिसलं आहे.

आईलाच जुलाब असतील तर? तरी पाजायचं. आजार दुधातून जात नाही, हातातून जातो. साबणानं हात धुवा, भरपूर पाणी प्या आणि पाजत राहा. तुमच्या अंगात त्या जंतूविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं बाळाला मिळतात. आईनं काकडी खाल्ली, दही खाल्लं म्हणून बाळाला जुलाब लागले, असं म्हणून बाळंतिणीला दोष देणं तर आधी थांबवा. ती आधीच घाबरलेली असते.

दुसरं काम ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. आशाताईंकडे, उपकेंद्रात पुडी मोफत मिळते. एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी अंदाजानं अर्ध्या तांब्यात, असं करू नका. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून किती पाण्याची आहे ते वाचून घ्या. पाण्याची एक लिटरची बाटली मापाला चांगली. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. केलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनी ओतून द्या. दुकानातली खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

"पाण्यानं काय होतंय, सलाईन लावा" असा आग्रह मी रोज ऐकायची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांतून वाटलं, नातेवाइकांच्याच हातानं पाजलं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. पिऊ शकणाऱ्या बाळाला सुईची गरज क्वचितच पडते.

तिसरं काम झिंकची गोळी, १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सहा महिन्यांपुढं पूर्ण गोळी, रोज एकदा. चमच्यात थोडं अंगावरचं दूध पिळून त्यात विरघळवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. त्यानं पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब व्हायची शक्यता कमी होते. जुलाब "बांधायच्या" गोळ्या बाळाला कधीच नाहीत. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तरच, कारण बहुतेक वेळा कारण विषाणू असतो आणि त्यावर ते चालत नाही.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला अंगावरच्या दुधासोबत मऊ वरण-भात, भाताची पेज, कुस्करलेलं केळं चालू ठेवा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

कधी पळायचं

बाळाच्या पोटाची कातडी बेंबी आणि कुशीच्या मधोमध दोन बोटांत हलकी चिमटीत धरा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली तर अंगातलं पाणी घटलंय, तिथंच राहून दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर फारच घटलंय. टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, तोंड कोरडं, रडताना आसू नाहीत, सहा तास शू नाही, बाळ मलूल पडलं, प्यायला मागत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, खूप ताप किंवा झटका, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. सांगली असो, मिरज असो, जिथं जवळ पडेल तिथं न्या. वाटेत पाजणं थांबवू नका.

लस

रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली. ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात, मोफत. अंगावरचं दूध आणि लस दोन्ही हवेत.

कामावर जाणाऱ्या आयांसाठी

तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला बायका सकाळी सातला जातात. वाळवा-पलूसला ऊसतोडीला बीडकडून आलेल्या आया त्याहून आधी, अंधारात फडात असतात आणि तान्हं बाळ कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. तिच्या हातात दुधाची बाटली. ती बाटली कधी उघडून बघा: बुचाच्या आतल्या कडेला दह्यासारखा पांढरा थर असतो, तो ब्रशशिवाय निघत नाही, आणि कोपीत ब्रश कुठला?

हातानं दूध काढायला शिका. हात धुवून, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत. झाकून सावलीत चार तासांपर्यंत चालतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी; फ्रीज असेल तर चोवीस तास. उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची. पाजायचं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. ती भांडी घासायला सोपी, तळ दिसणारी असतात. जमत असेल तर दुपारी बाळच फडावर, बागेत आणायला सांगा. बागमालकांना माझी विनंती आहे, की अर्ध्या तासाची ती सुट्टी मजुरीतून कापू नका.

काही आयांना पाजणं खरंच शक्य नसतं. आजारपण असतं, औषधं असतात, बाळ आईविना असतं. त्यांना कुणी बोल लावू नये. अशा वेळी पावडर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, डब्यावरच्या मापानं, नुकत्याच उकळलेल्या गरम पाण्यात करा, पाजण्याआधी कोमट होऊ द्या, दोन तासांत संपवा, उरलेलं टाका. डबा पुरवायला पातळ केलेलं दूध म्हणजे बाळाची उपासमार.

पुरात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट. मी उंचावरच्या एका शाळेतल्या छावणीत होते. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटं, चादरी आल्या, तशीच दुधाची पावडर आणि बाटल्याही आल्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण उकळायला गॅस नव्हता आणि टँकरच्या पाण्याला रांग होती. आफ्रिकेतल्या बोट्सवानात २००६ च्या सुरुवातीला पुरानंतर जुलाबाची साथ आली आणि शेकडो लहान मुलं दगावली. अंगावर न पिणं हा तिथं सगळ्यात मोठा धोका ठरला होता. म्हणून पुरात मदत पाठवायची तर पावडर नको. बाळंतिणीला पोटभर जेवण, पिण्याचं शुद्ध पाणी, साबण आणि बसायला पडद्यामागची कोरडी जागा पाठवा.

त्या छावणीत चार महिन्यांच्या बाळाची एक आई होती. घर पाण्यात, नवरा जनावरांमागं गेलेला. "दूध आटलं सिस्टर, धसक्यानं," म्हणाली. दोन दिवस बाटली चालू होती आणि बाळाला पाण्यासारखे जुलाब लागले होते. आरोग्य पथकाच्या डॉक्टरांनी तपासून ओआरएस आणि झिंक दिलं. मी वर्गातल्या फळ्याआड तिच्यासाठी जागा केली, गरम भात-आमटी आणली आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून चादर घातली. धसक्यानं दूध आटत नाही, उतरायला थोडं अडतं एवढंच. बाळ ओढत राहिलं की पुन्हा येतं. दर दीड-दोन तासांनी दोन्ही बाजूंना लावलं, मधे चमच्यानं ओआरएस. पहिल्या रात्री ती दोनदा रडली आणि बाटली मागितली. मी शेजारीच बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ ओढत असताना दुसऱ्या बाजूनं तिचा पदर भिजला. तिनंच दाखवला.

मी शाळेच्याच एका वहीत बाळाच्या शूच्या खुणा करत होते. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी संध्याकाळी वही तिच्याकडेच होती. तिनं खुणा मोजल्या आणि सहावं ओलं दुपटं माझ्या हातात दिलं.